लसीकरणाचा दीर्घकालीन अंदाज हवाय? फाइल पाठवण्याआधी एवढं वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पीजी करणारे डॉक्टर आणि आरोग्याचं काम करणाऱ्या संस्था आमच्याकडे आकडेमोड करून घेतात. लहानपणी दिलेल्या मेंदूज्वराच्या लशींचा पुढच्या वीस-तीस वर्षांत काय परिणाम होईल, याचं मॉडेल आम्ही करून देतो. हे काम गणितामुळे रेंगाळत नाही. रेंगाळतं ते फाइलमध्ये मुलांऐवजी नुसते डोस असतात म्हणून.

बहुतेक फाइलींत 'पेंटा, वर्षभरात एकूण २४००' असा एकच आकडा असतो. पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिचे तीन डोस असतात. आता बघा. ८०० मुलांना तिन्ही डोस मिळाले, तर बेरीज २४००. पहिला १००० मुलांना, दुसरा ८०० जणांना आणि तिसरा ६०० जणांनाच मिळाला, तरी बेरीज २४००च. एकीकडे ८०० मुलांचे डोस पूर्ण झाले, दुसरीकडे ६०० मुलांचे, आणि वर ४०० मुलं अर्धवट राहिली. एकदा बेरीज मारली की यातलं काहीच परत काढता येत नाही. मग आम्ही फोन करतो, तुम्ही पुन्हा पीएचसीला जाता, आणि थीसिसची तारीख जवळ येत राहते.

म्हणून आम्हाला हवं ते असं: एका मुलाची एक ओळ, जन्माचा महिना-वर्ष आणि प्रत्येक डोसची तारीख. वय लिहू नका. 'वय १ वर्ष' म्हणजे बारा महिने की तेवीस, ते कळत नाही. नुसती खोडं मोजून केळीची कापणी कधी येईल हे कोणी सांगत नाही. लागण पावसाळ्यातल्या मृगबागेची की त्यानंतरच्या कांदेबागेची, हे विचारावंच लागतं. तसंच हे.

एवढा आग्रह का, तर मॉडेल प्रत्येक वर्षी जन्मलेल्या मुलांना वेगळं धरून पुढे नेतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली, 'ए' प्रकारच्या मेंदूज्वरावरची 'मेनआफ्रिव्हॅक' लस डिसेंबर २०१० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत मोठ्या मोहिमेत द्यायला सुरुवात झाली. १ ते २९ वयाच्या सगळ्यांना एक डोस. जंतू माणसांच्या घशात मुक्काम करतात. लशीने तो मुक्कामच मोडला, त्यामुळे लस न घेतलेलेही वाचले आणि 'ए' प्रकारचा मेंदूज्वर जवळजवळ दिसेनासा झाला. पण मोहीम संपल्यावर जन्मलेल्या बाळांचं काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मॉडेलने दाखवलं, की नुसती मोहीम करून थांबलं तर साधारण १५ वर्षांनी साथ मोठ्या जोराने परत येऊ शकते. बाळांच्या नियमित लसीकरणात ही लस घ्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी केली. वर्षावर्षाची बाळं वेगळी मोजली म्हणून हे दिसलं. एकूण डोसांच्या बेरजेत ते दिसलं नसतं.

आपल्या पेंटात 'हिब' या, लहान मुलांना मेंदूज्वर करणाऱ्या जिवाणूवरचीही लस असते. तिचंही असंच आहे. ब्रिटनमध्ये १९९२ साली हिबची लस बूस्टरशिवाय सुरू झाली. आधी रुग्ण खूप घटले, पुढे पुन्हा वाढू लागले, आणि २००३ मध्ये लहान मुलांसाठी बूस्टरची मोहीम घ्यावी लागली. आपल्याकडे पेंटाचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना आहेत, हिबचा बूस्टर सरकारी वेळापत्रकात नाही. इथे तसंच घडेल असं आम्ही म्हणत नाही. पण बूस्टर धरून आणि न धरून, अशी दोन्ही उत्तरं रिपोर्टमध्ये देतो.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या फाइलींत आणखी एक गोष्ट सांभाळा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं होळीला परततात. बाहेर घेतलेला डोस गावच्या रजिस्टरात नसतो, कार्डावर असतो. दोन्हींत फरक आला तर कार्ड खरं धरा आणि शेजारच्या रकान्यात तशी नोंद करा.

'एकच पक्का आकडा द्या' असं पुष्कळ जण म्हणतात. आम्ही देत नाही. प्रतिकारशक्ती पाच वर्षं टिकते धरली की दहा, यावर उत्तर बरंच हलतं. म्हणून किमान-कमाल देतो आणि कशामुळे किती हललं ते तक्त्यात मांडतो. परीक्षकाने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं. नुसते टळलेले मृत्यूही आम्ही मोजत नाही. जिवाणूंच्या मेंदूज्वरातून वाचलेल्या साधारण पाचांपैकी एकाला बहिरेपणासारखं कायमचं अपंगत्व येतं. ते मूल पुढे पन्नास-साठ वर्षं तसं जगतं; ती वर्षं हिशोबात यायलाच हवीत.

पहिल्या दहा-वीस ओळी भरून पाठवा, त्या तपासून द्यायचे पैसे नाहीत. गृहीतकं बदलून मॉडेल पुन्हा चालवायचेही वेगळे पैसे नाहीत. मूळ फाइल बदलली तर मात्र पडतात, कारण सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. कोरा फॉर्म ऑफिसात मिळेल, मागितल्यास मेलवर पाठवू. मुलांची नावं आणि आधार नंबर काढूनच पाठवा. गाव आणि अनुक्रमांक पुरतो.