गिटहब की गिटलॅब: कोड कुठेही राहील, बाकीचं कुठे ठेवायचं?

नावात दोन्हीकडे ‘गिट’ आहे आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. नव्याने कामाला लागलेली मुलं ‘मला गिट येतं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा गिटहबचं पान असतं. मग टीममध्ये आल्यावर ‘आपण गिटलॅबवर आहोत’ असं कानावर पडलं की त्यांना वाटतं, आता सगळं पुन्हा शिकायचं. तसं काही नाही. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन. ते लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिलं. तोवर कर्नलवाले त्याच कामाचं बिटकीपर नावाचं साधन वापरत होते, ते फुकट मिळणं बंद झालं म्हणून. गिटहब २००८मध्ये आलं, गिटलॅब २०११मध्ये, आणि कोड ठेवून मिळून काम करायच्या या दोन्ही जागा त्या गिटभोवतीच उभ्या आहेत. कमिट (बदलाची नोंद), ब्रांच (कामाची वेगळी शाखा), रीबेस (नोंदी नव्या पायावर रचणं) हे तुमच्या लॅपटॉपवर घडतं, त्यामुळे ते दोन्हीकडे अगदी तेच. खुद्द कर्नलचं काम आजही ईमेलने पाठवलेल्या पॅचवर, म्हणजे बदलांच्या तुकड्यांवर, चालतं. गिटहबवर आहे ती नुसती प्रत.

म्हणून निवड करताना ‘कोड कुठे ठेवू’ हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. रेपो, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा, क्लोन केला (आपल्याकडे उतरवून घेतला) की पहिल्या कमिटपासूनचा सगळा इतिहास तुमच्याकडे येतो. क्लोनबरोबर येत नाहीत ते इश्यू (चुकांच्या आणि कामांच्या नोंदी), रिव्ह्यूतल्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासतानाच्या, कॉमेंट, कोणाला काय परवानगी आहे ते, पाइपलाइनचे (कोडच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचे) निकाल आणि तिला लागणारे पासवर्ड व टोकन (पासवर्डसारख्याच किल्ल्या). एखादी ओळ तशी का लिहिली, याचं उत्तर कित्येकदा दोन वर्षांपूर्वीच्या रिव्ह्यूमध्ये दडलेलं असतं, आणि ते प्लॅटफॉर्मच्या डेटाबेसमध्ये असतं.

३१ जानेवारी २०१७ला हे सगळ्या जगाने पाहिलं. गिटलॅबच्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली आणि चालू डेटाबेस उडाला. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, पण ऐन वेळी एकीवरही विसंबता आलं नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने काढून ठेवलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतले इश्यू, कॉमेंट, मर्ज रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशा विनंत्या) गेले ते गेलेच. रेपोंना मात्र धक्का लागला नाही. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, झालेली चूक सविस्तर लिहून काढली. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

आता दोघांत फरक काय. शब्दांचा फरक दोन मिनिटांचा आहे: गिटहबवर पुल रिक्वेस्ट, गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट, वस्तू एकच.

खरा फरक मालकीचा आहे. गिटहब ऑक्टोबर २०१८पासून मायक्रोसॉफ्टचं आहे. व्यवहार साडेसात अब्ज डॉलरचा होता. त्याचा स्वतःचा कोड बंद आहे. आपल्या सर्व्हरवर बसवायची आवृत्ती मिळते, पण पैसे मोजून. गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी परवान्याखाली खुली आहे. कोणीही आपल्या मशीनवर बसवावी. लिनक्सच्या जगातले खुले प्रकल्प डेबियन आणि नोम २०१८मध्ये, केडीई २०२०मध्ये गिटलॅबवर गेले ते याच कारणासाठी, आणि तिघांनीही ते स्वतःच्या सर्व्हरवर थाटलं. उलट ज्याला लोक हवेत तो गिटहबकडे जातो. पायथन भाषेचा कोड २०१७मध्ये तिथे गेला. आपल्याकडे मे २०२०मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड अ‍ॅपचा कोड खुला झाला तोही गिटहबवरच, कारण तपासणारे डोळे तिथे होते. तुमचा प्रकल्प खुला असेल आणि अनोळखी माणसाने येऊन दोन ओळी सुधाराव्यात असं वाटत असेल, तर गिटहब घ्या. त्याचं खातं आधीच तिथे असतं.

खासगी रेपो आणि रिकामा खिसा असेल तर गोष्ट बारकाईने बघावी लागते. गिटहबवर २०२०पासून खासगी रेपोत कितीही माणसं फुकट चालतात. गिटलॅबच्या संकेतस्थळावर फुकट खासगी ग्रुपमध्ये पाचच. पाइपलाइनची मिनिटंही गिटहबवर महिन्याला २०००, गिटलॅबवर ४००. इथवर वाचून लोक निर्णय घेऊन टाकतात. पण गिटहबच्या फुकट प्लॅनमध्ये खासगी रेपोच्या मेन, म्हणजे मुख्य, ब्रांचला कुलूप लावता येत नाही, तिच्यात कोणी थेट बदल केला तर अडवता येत नाही. गिटलॅबवर फुकटातही ती ब्रांच मुळातच संरक्षित असते. आम्ही चौघं होतो तेव्हा एकाने मेनवर फोर्स पुश केला, म्हणजे तिथला इतिहास आपल्या प्रतीने पुसून टाकला. दोन दिवसांचं काम दुसऱ्याच्या लॅपटॉपवरच्या क्लोनमधून परत आणलं, ते क्लोन ताजं होतं म्हणून. गिटलॅबच्या फुकट प्लॅनमध्ये अडचण वेगळी: मर्जआधी कोणाची तरी मंजुरी हवीच, अशी सक्ती करता येत नाही, त्यासाठी प्रीमियम लागतं. गिटहबचा टीम प्लॅन माणशी महिन्याला ४ डॉलर, गिटलॅबचं प्रीमियम २९. चौघांच्या टीमने १६ डॉलर खर्चावेत आणि मेनला कुलूप लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाइपलाइनमध्ये दोघांचा स्वभाव दिसतो. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये दुसऱ्यांनी बनवलेले तयार तुकडे जोडत जायचे. अर्ध्या तासात टेस्ट चालू होतात, पण प्रत्येक तुकडा म्हणजे परक्या माणसाचा कोड, जो तुमच्या टोकनच्या शेजारी चालतो. मार्च २०२५मध्ये असाच एक लोकप्रिय तुकडा बिघडवला गेला. तो २३,००० हून जास्त रेपोंमध्ये वापरात होता, आणि तो गुप्त टोकन लॉगमध्ये छापू लागला. टॅग, म्हणजे आवृत्तीचं नाव, मागच्या मागे दुसऱ्या कोडवर हलवता येतो, म्हणून परकी अ‍ॅक्शन वापरताना आवृत्तीचं नाव न लिहिता कमिटचा पूर्ण हॅश (त्या नोंदीची न बदलणारी खूण) लिहा. हे आजच करण्यासारखं काम आहे. गिटलॅबमध्ये एका यामल (साध्या मजकुरातल्या सेटिंगच्या) फाइलमध्ये टप्पे लिहायचे आणि प्रत्येक टप्प्यात साध्या शेल कमांड. सुरुवातीला लिहावं जास्त लागतं, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला काय चाललंय ते कळतं. मला हा सरळपणा आवडतो.

अनेक क्लायंटची कामं घेणाऱ्या कंपनीला, आणि पुण्या-मुंबईत अशा कंपन्या पुष्कळ आहेत, गिटलॅबचे ग्रुप फार सोयीचे पडतात. क्लायंटचा एक ग्रुप, त्यात प्रकल्पांचे उपग्रुप, आणि वरची परवानगी खाली झिरपते. गिटहबवर ऑर्गनायझेशनमध्ये सगळे रेपो एकाच सपाट यादीत असतात. नावांना उपसर्ग लावून दिवस काढावे लागतात. शिवाय ‘कोड आमच्या नेटवर्कबाहेर जाता कामा नये’ अशी अट करारात असेल, तर स्वतःचं गिटलॅब हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

स्वस्त म्हणजे बिनकष्टाचा नाही. आठ जीबी रॅमचं मशीन लागेल, ते सोपं. पण जानेवारी २०२४मध्ये गिटलॅबमध्ये दहापैकी दहा तीव्रतेचं छिद्र सापडलं: पासवर्ड बदलण्याचा मेल हल्लेखोराच्या पत्त्यावर पाठवता येत होता. कंपनीने आपलं संकेतस्थळ दुरुस्त केलं, पण ज्यांनी आपल्या सर्व्हरवर गिटलॅब बसवलं होतं त्यांना स्वतःच धावावं लागलं. आणखी एक गोष्ट बरेच जण उशिरा शिकतात: गिटलॅबच्या बॅकअप कमांडमध्ये गुपितांच्या किल्ल्यांची फाइल येत नाही. ती वेगळी जपली नाही, तर बॅकअप परत चढवल्यावरही पाइपलाइनमधले पासवर्ड आणि लॉगिनची दुहेरी पडताळणी वाचता येत नाही. अपडेट आणि बॅकअप हे काम टीममध्ये कोणाच्या नावावर नसेल, तर सर्व्हर बसवू नका.

दोन्ही कंपन्या अमेरिकी आहेत. जुलै २०१९मध्ये निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांची गिटहब खाती अडली. त्याआधी डिसेंबर २०१४मध्ये आपल्याच दूरसंचार विभागाच्या आदेशाने भारतात ३२ संकेतस्थळं बंद झाली होती, त्यांत गिटहबही होतं. काही दिवसांत ते सुरू झालं, पण त्या दिवशी डिप्लॉय करायचं, म्हणजे नवा कोड चालू सर्व्हरवर चढवायचा, असलेल्यांनी काय केलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून मुख्य जागा कोणतीही असो, रोज रात्री दुसरीकडे रेपोची आरसा प्रत (हुबेहूब नक्कल) जाऊ द्या, आणि इश्यूंची निर्यातही तिच्यासोबत.

ठरवायच्या आधी एक आठवडा द्या. एखादा चालू प्रकल्प दुसऱ्या जागी आयात करून पाहा. गिटलॅबचा आयातक गिटहबवरून इश्यू, पुल रिक्वेस्ट आणि कॉमेंट आणतो. अ‍ॅक्शन्स आणि त्यांची गुपितं आणत नाही. ती पाइपलाइन टीममधल्या सर्वांत नव्या माणसाला हाताने लिहायला सांगा आणि तो कुठे अडतो ते शेजारी बसून बघा.