हज यात्रेतील दुआ

हजच्या दिवसांत यात्रेकरू जे मागणे मागतो आणि अल्लाहचे जे स्मरण मोठ्याने वा मनात करतो, त्या सगळ्या पठणाला बोलीत ‘हजच्या दुआ’ म्हणतात. शास्त्राच्या भाषेत स्मरण म्हणजे जिक्र आणि मागणे म्हणजे दुआ, पण चालण्याबोलण्यात दोन्ही एकाच पिशवीत पडतात. मराठीत आपण ‘दुवा’ म्हणतो तो फकिराने किंवा वडीलधाऱ्याने दिलेला आशीर्वाद. मूळ अरबी ‘दुआ’ म्हणजे हाक मारणे, मागणे. इथे माणूस फक्त मागणारा असतो.

बाजारात मिळणाऱ्या हजच्या पुस्तिका जाडजूड असतात. त्या पाहून पहिल्यांदा जाणारा धास्तावतो, की एवढे पाठ झाले नाही तर आपला हज पुरा होणार की नाही? घाबरण्याचे कारण नाही. पैगंबर मुहम्मद यांच्यापासून चालत आलेले नेमके शब्द थोडे आहेत आणि ते बहुतेक छोटे आहेत. बाकीचे आपल्या भाषेत मागायचे असते, मग ती दख्खनी असो, कोकणी असो की मराठी.

तलबिया

हजचा सगळ्यात ओळखीचा घोष हाच: “लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक, लब्बैक ला शरीक लक लब्बैक, इन्नल हम्द वन्निअमत लक वल मुल्क, ला शरीक लक.” अर्थ असा: हजर आहे, हे अल्लाह, मी हजर आहे, तुला कोणी भागीदार नाही, मी हजर आहे, स्तुती, कृपा आणि सत्ता तुझीच, तुला कोणी भागीदार नाही. पुरुषांनी तो मोठ्याने म्हणायचा, बायकांनी स्वतःला ऐकू येईल इतपत.

‘ला शरीक लक’ दोनदा का, याचे उत्तर इतिहासात आहे. इस्लामपूर्व काळातही मक्केचे लोक हज करीत आणि तलबिया म्हणत. पण ‘तुला कोणी भागीदार नाही’ याच्यापुढे ‘फक्त एक सोडून, आणि तोही तुझ्याच मालकीचा’ अशी पुस्ती जोडत. ‘नाही’ एवढ्यावरच थांबा, असे पैगंबर त्यांना सांगत, असे पैगंबरांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास यांच्या हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदीत) आहे. एका पळवाटेला लावलेली कडी आजही रोज लाखो तोंडांतून ऐकू येते.

तलबिया एहरामपासून, म्हणजे यात्रेसाठी धारण केलेल्या पवित्र अवस्थेपासून, सुरू होतो. इस्लामी कायद्याच्या दोन पंथांत इथे फरक आहे. हनफी मतानुसार मनात नियत (संकल्प) करून सोबत तलबिया किंवा तसा जिक्र उच्चारल्याशिवाय एहराम लागतच नाही. शाफई मतानुसार नियत पुरते, तलबिया सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत म्हणून पाळायचा. गोव्यात दख्खनी घरे बहुधा हनफी आणि कोकणी मुसलमान बहुधा शाफई, त्यामुळे एकाच गटात दोन रीती दिसतात. मौलवी दोन्ही सांगून टाकतात आणि सगळ्यांकडून तलबिया म्हणवून घेतात. उमऱ्यात (मक्केच्या छोट्या यात्रेत) तवाफ, म्हणजे काब्याभोवतीचे फेरे, सुरू होताच आणि हजमध्ये १० जिल्हिज्जला (हजच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी) मोठ्या जमऱ्याला (खडे मारायच्या खांबाला) पहिला खडा मारताना तलबिया बंद होतो.

समुद्राची वाट

गोव्याचा अरबांशी संबंध पोर्तुगिजांहून कितीतरी जुना. ११व्या शतकात कदंबांच्या गोपकपट्टण बंदरात अरब व्यापारी वसले होते. १५१० मध्ये आफोंसो द अल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि मुसलमान रहिवाशांची कत्तल केली. पुढे अरबी समुद्रात जायचे तर जहाजाला पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना लागू लागला, हजच्या जहाजांनाही. त्यावर मरियम आणि येशू यांची चित्रे असत, म्हणून या वाटेने जाणे धर्माला धरून आहे का, हा वाद अकबराच्या दरबारापर्यंत गेल्याचे त्या काळचा इतिहासकार बदायुनी याने नोंदवले आहे. १६१३ मध्ये तर जहांगीरच्या आईचे ‘रहिमी’ हे जहाज परवाना असूनही पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडले आणि गोव्याला आणले. त्यात हजचे शेकडो यात्रेकरू होते. ज्या किनाऱ्यावरून आज लोक हार घालून निरोप घेतात, त्याच किनाऱ्याला एकेकाळी हाजी कैदी म्हणून लागले.

जहाजात चढताना म्हणायची दुआ पैगंबर नूह (महापुराच्या कथेतले नोहा) यांच्या तोंडची आहे: “बिस्मिल्लाहि मजरेहा व मुरसाहा”, म्हणजे हिचे चालणे आणि हिचे नांगरणे अल्लाहच्या नावाने (कुराण ११:४१). मुंबई ते जेद्दा ही हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. यलमलम ही एहराम बांधायची हद्द; तिच्या रेषेवर जहाज आले की तशी सूचना मिळे, आणि मग लोक आंघोळ करून एहराम बांधीत. विमानात ती हद्द काही मिनिटांत निघून जाते, म्हणून थेट जेद्देला उतरणारे पुरुष घरून किंवा विमानतळावरूनच दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रे लेवून निघतात. आधी मदिनेला जाणाऱ्यांचा एहराम मदिनेबाहेर जुल हुलैफा इथे होतो. मध्यंतरी काही वर्षे गोव्यातल्या दाबोळी विमानतळाहूनही हजची विमाने सुटत. विमानात म्हणायची दुआ उंट-घोड्यासाठीचीच आहे: “सुब्हानल्लजी सख्खर लना हाजा…”, ज्याने हे वाहन आमच्या ताब्यात दिले तो पवित्र आहे, एरवी आम्हांला ते आवरले नसते (कुराण ४३:१३). दाबोळीची धावपट्टी मागे पडताना पोटात गोळा येतो, तेव्हा हे शब्द फार जुने वाटत नाहीत.

काबा आणि तवाफ

मक्केच्या मशिदीतल्या काबा या पवित्र वास्तूवर पहिली नजर पडते तेव्हाची दुआ कबूल होते, अशी ठाम समजूत आहे. तिला हदीसचा भक्कम आधार नाही, पण घरून निघताना प्रत्येक जण ‘पहिल्या नजरेचे’ मागणे ठरवून जातो. एक हुशार सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो: ‘माझ्या सगळ्या दुआ कबूल होवोत’ एवढेच मागावे, म्हणजे बाकीची यादी आपोआप आत येते.

तवाफ म्हणजे काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे. काब्याच्या कोपऱ्यात बसवलेल्या काळ्या दगडासमोर हात उंचावून “बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर” म्हणत फेरा सुरू होतो. खलिफा उमर या दगडाला म्हणाले होते, तू दगड आहेस, कुणाचे भले-बुरे करू शकत नाहीस हे मला ठाऊक आहे. पैगंबरांनी तुझे चुंबन घेतलेले पाहिले नसते तर मीही घेतले नसते.

फेऱ्यात नेमकी ठरलेली दुआ एकच, रुक्ने यमानी (काब्याचा एक कोपरा) आणि काळा दगड यांच्या मधल्या टप्प्यातली: “रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव व फिल आखिरति हसनतंव व किना अजाबन्नार.” हे पालनकर्त्या, आम्हांला इहलोकात भले दे, परलोकात भले दे आणि आगीच्या यातनेतून वाचव (कुराण २:२०१). ही बहुतेकांना लहानपणापासून पाठ असते. पुस्तिकांत मात्र पहिल्या फेऱ्याची दुआ, दुसऱ्या फेऱ्याची दुआ अशा सात लांबलचक दुआ छापतात. ही मांडणी नंतरच्या संकलकांची आहे, पैगंबरांची नव्हे. म्हणायला हरकत नाही. पण गळ्यातल्या पाकिटातून पुस्तिका काढायची, घामाने चिकटलेली पाने सोडवायची, पुढच्या माणसाच्या टाचा सांभाळायच्या आणि एक ओळ चुकली म्हणून पुन्हा मागे जायचे, या धांदलीत मागायचेच राहून जाते.

तवाफनंतर काब्याजवळच्या मकामे इब्राहीम या जागेच्या मागे दोन रकात नमाज, त्यात ‘काफिरून’ आणि ‘इख्लास’ या सुरा. मग जमजम या पवित्र विहिरीचे पाणी पिताना इब्ने अब्बास यांच्या नावाने सांगितली जाणारी दुआ: उपयोगी ज्ञान दे, भरपूर रोजी दे, प्रत्येक रोगातून बरे कर.

सफा आणि मर्वा

सफा म्हटले की फोंडेकराला आधी १५६० मध्ये आदिलशाहीत उभी राहिलेली, तळ्याकाठची सफा मशीद आठवते. मक्केतली सफा ही टेकडी आहे; ती आणि मर्वा ही दुसरी टेकडी यांच्यामध्ये खेपा घालायच्या असतात. तिच्याकडे जाताना “इन्नस्सफा वल मर्वत मिन शआइरिल्लाह” ही आयत (२:१५८) म्हणतात. वर चढून काब्याकडे तोंड करायचे, तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’, म्हणायची आणि एकेश्वरत्वाचा जिक्र तीनदा करायचा. त्याचा शेवट असा: त्याने आपले वचन पाळले, आपल्या दासाला मदत केली आणि एकट्याने सगळ्या टोळ्यांचा पराभव केला. दर दोन वेळांच्या मध्ये आपले मागणे. हिरव्या दिव्यांच्या मधल्या पट्ट्यात पुरुष जरा धावतात. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत त्याची आई हाजरा इथेच धावल्या होत्या. त्या स्वतः बाई, आणि इथे बायकांनी मात्र चालायचे, धावायचे नाही. ही गंमत कितीतरी आज्या हसत सांगतात.

अरफात

९ जिल्हिज्जचा, अरफातच्या मैदानावरचा मुक्काम हा हजचा गाभा; तो चुकला तर हजच चुकला. दुपार कलल्यापासून सूर्य बुडेपर्यंत इथे थांबायचे आणि मागायचे, दुसरे काम नाही. “सर्वांत उत्तम दुआ अरफातच्या दिवसाची” असे हदीसमध्ये आहे. पैगंबरांनी आणि आधीच्या पैगंबरांनी म्हटलेले सर्वोत्तम वचन म्हणून जे दिले आहे, ते ‘ला इलाह इल्लल्लाहु वहदहू ला शरीक लह…’ हे साधे वाक्य. त्यात मागणे कुठेच नाही, नुसती स्तुती.

पैगंबरांचे सोबती उसामा बिन जैद सांगतात, मी पैगंबरांच्या मागे उंटिणीवर बसलो होतो, त्यांचे दोन्ही हात दुआसाठी वर होते. उंटीण कलली, लगाम गळून पडला, तेव्हा त्यांनी एका हाताने तो उचलला आणि दुसरा हात तसाच वर ठेवला.

गोव्याचा यात्रेकरू इथे बहुधा एक वही उघडतो. साधी, शाळेची, दोनशे पानी. निघण्याआधी तो घरोघर माफी मागत फिरतो, देणी फेडतो, आणि जो तो म्हणतो, ‘हमारे वास्ते बी दुआ करना.’ तेव्हा लिहून घेतलेली ही नावे: गुडघ्याचे ऑपरेशन, आखातातल्या मुलाची नोकरी, बारावीचा निकाल, लग्न जमत नाही ती पुतणी. शेजारच्या हिंदू आणि ख्रिस्ती घरांचीही नावे असतात, आणि ती बहुतेक मराठीतच लिहिलेली असतात. स्वतः पैगंबरांनी उमऱ्याला निघालेल्या उमर यांना ‘भावा, तुझ्या दुआत आम्हांला विसरू नकोस’ असे सांगितल्याची कथा आहे, तेव्हा वहीला आधार जुना आहे. चष्मा घामाने घसरतो, तंबूत गरम वारा फिरतो (२०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता), आणि एकेक नाव वाचले जाते. अरबी इथे कुणी शोधत नाही.

मासिक पाळीतील स्त्रीला तवाफ थांबवावा लागतो, पण अरफात, जिक्र आणि दुआ यांतले काहीच थांबत नाही. खुद्द पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांना हजमध्ये हीच अडचण आली होती, आणि नियम त्यातूनच आला.

सूर्यास्तानंतर मुज्दलिफा या ठिकाणी मुक्काम, तिथे ‘मशअरुल हराम’पाशी स्मरण (२:१९८). मग मिना या ठिकाणी जमऱ्यांना मारायच्या प्रत्येक खड्याबरोबर “अल्लाहु अकबर”. पहिल्या दिवशी ७ खडे, पुढचे दोन दिवस २१-२१. १३ तारखेला थांबणाऱ्यांचे आणखी २१, म्हणजे सगळे मिळून ७०. लहान आणि मधल्या जमऱ्यानंतर बाजूला होऊन किब्ल्याकडे (काब्याच्या दिशेला) तोंड करून दुआ मागतात, मोठ्यानंतर न थांबता निघतात.

देवनागरीतील दुआ

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात मुसलमान ८.३३ टक्के आहेत. फोंडा, डिचोली, सत्तरी या भागांत मराठी शाळेत शिकलेल्या पिढीला उर्दू बोलता येते, वाचताना मात्र अडखळायला होते. त्यांच्यासाठी अरबी मजकूर देवनागरीत छापतात. ही सोय मोठी आहे, आणि तिचे खड्डेही मोठे आहेत. ‘अलीम’ घ्या. ऐनने सुरू होणारा अलीम म्हणजे सर्वज्ञ, अलिफने सुरू होणारा अलीम म्हणजे यातना देणारा. देवनागरीत दोन्ही सारखेच. नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) गळला की ‘कल्ब’ म्हणजे काळीज की कुत्रा, हे कळायला मार्ग उरत नाही. ज ची कथा वेगळी: मराठी जिभेवर ‘जग’मधला आणि ‘जावई’मधला असे दोन ज आधीपासून आहेत. ‘जमजम’ला दुसरा जवळपास चालतो, ‘हज्ज’ला पहिलाच हवा, पण कुठे कोणता, हे पुस्तिका सांगत नाही. म्हणून हजच्या प्रशिक्षण शिबिरांत मौलवी आधी तलबिया कानाने बसवतात आणि छापील पान मग हातात देतात. हाच क्रम बरोबर आहे.

घरी राहिलेल्यांचे पठण आणि परतणे

९ जिल्हिज्जच्या फजरपासून (पहाटेच्या नमाजपासून) १३ च्या असरपर्यंत (तिसऱ्या प्रहरच्या नमाजपर्यंत), म्हणजे २३ फर्ज (सक्तीच्या) नमाजांनंतर, ‘तकबीरे तशरीक’ म्हणतात: “अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर व लिल्लाहिल हम्द.” ती हजला न गेलेल्यांनीही म्हणायची असते. मिनामध्ये खडे मारले जात असतात त्याच दिवसांत वाळपईच्या किंवा सांग्याच्या मशिदीतही ती चालू असते. २०२३ ते २०२५ या वर्षांत हज जूनमध्ये आल्यामुळे बाहेर कौलांवर पाऊस आणि आत तकबीर असा योग आला.

परतीच्या प्रवासात “आइबून, ताइबून, आबिदून, लिरब्बिना हामिदून” म्हणतात: आम्ही परतणारे, पश्चात्ताप करणारे, उपासना करणारे, आपल्या पालनकर्त्याची स्तुती करणारे. हाजीने उंबरठा ओलांडण्याआधी त्याच्याकडून दुआ करून घ्यावी अशी समजूत असल्याने लोक घरी वाट न बघता रस्त्यावरच गाठतात. मग बैठकीत जमजमचा पाच लिटरचा कॅन उघडतो. कपबशीतल्या बशीत दोन-दोन घोट वाटले जातात, खजूर फिरतो, किब्ल्याकडे तोंड करून मोठी माणसे ज्ञान, रोजी आणि शिफा मागतात. शेजारची मावशी बशी हातात घेऊन हळूच विचारते, ‘आमच्या सुनेचं नाव घेतलंत ना?’ हाजी वही काढतो आणि तिला ते पान दाखवतो.