जहाजांच्या धडकेपासून देवमाशांचे संरक्षण

देवमाशांचा वावर असलेल्या पाण्याबाहेरून व्यापारी जहाजांचा मार्ग वळवणे आणि ते शक्य नसेल तिथे वेग उतरवणे, हे या संरक्षणाचे दोन भरवशाचे उपाय आहेत. टेहळणी आणि उष्णता टिपणारे कॅमेरे यांची जोड मिळते, पण त्यांच्यावर विसंबता येत नाही. २० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाचे जहाज सेकंदाला सुमारे १० मीटर पुढे सरकते. देवमासा दिसेपर्यंत सुकाणू फिरवायला वेळ उरलेला नसतो.

देवमासा बाजूला का होत नाही? जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा आवाज मागच्या टोकाला होतो आणि जहाजाचे धूड तो अडवते, त्यामुळे नाळेपुढे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, आवाज क्षीण होतो. शिवाय निळा देवमासा जहाज जवळ आल्यावर बाजूला वळत नाही. तो सावकाश खाली जाऊ लागतो, आणि तेवढे पुरत नाही. नाळेच्या आघाताने कवटी, जबडा, मणके मोडतात. पंख्याने पाठीवर समांतर खोल घाव पडतात. निळा देवमासा मेल्यावर बहुधा बुडतो, म्हणून नोंदलेल्या धडका खऱ्या संख्येपेक्षा कमीच असतात.

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंड्रा भूशिराजवळ, हा प्रश्न उघड दिसतो. तिथे समुद्रतळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो आणि त्या उतारावर निळे देवमासे चरतात. पूर्व-पश्चिम जहाजांचे पट्टेही नेमके तिथूनच जातात. जवळच्या मिरिस्सा गावाच्या पर्यटक नौका आणि मच्छीमारांच्या होड्याही त्याच पाण्यात असतात. वाहतूक १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवली तर धोका सुमारे ९५ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. मेडिटेरेनियन शिपिंग कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजे स्वतःहून तशी वळवली. मात्र आंतरराष्ट्रीय पट्टेच हलवायचे तर किनाऱ्याच्या देशाने आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे प्रस्ताव मांडावा लागतो. कॅनडाच्या फंडी उपसागरात राइट जातीच्या देवमाशांसाठी २००३ साली असे पट्टे हलवले गेले.

वेगाचे गणितही स्पष्ट आहे: धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता ८.६ नॉटला ०.२१, तर १५ नॉटला ०.७९ असते. म्हणूनच अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर डिसेंबर २००८ पासून ठरावीक क्षेत्रांत, ठरावीक हंगामात ६५ फूट व त्याहून लांब जहाजांना १० नॉटची मर्यादा आहे. हा वेग पाण्याच्या नव्हे, तर जमिनीच्या सापेक्ष धरतात. खराब हवामानात जहाज काबूत ठेवण्यासाठी वेग वाढवावा लागला, तर कारण, वेग, ठिकाण आणि वेळ जहाजाच्या नोंदवहीत लिहावी लागते.