टुंड्रातली चाकोरी

ओल्या काळ्या रानातून बैलगाडी गेली की चाकोरी उमटते आणि पुढच्या नांगरटीत मोडूनही जाते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर 1984 आणि 1985 च्या हिवाळ्यांत तेल शोधणारी अवजड वाहनं फिरली. जमिनीत हादरे सोडायचे आणि खालच्या खडकावरून येणारे प्रतिध्वनी टिपायचे, एवढंच त्यांचं काम. त्यांनी विहीर खोदली नाही, रस्ता बांधला नाही. तरी त्यांच्या चाकोऱ्या काही ठिकाणी कित्येक दशकं दिसत राहिल्या.

तिथली जमीन खाली कायम गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा जेमतेम हात-दीड हात थर वितळतो, आणि त्याखालचं बर्फ टिकतं ते शेवाळाच्या गोधडीमुळे. चाकाखाली ती गोधडी दबली की काळी माती उघडी पडते, ऊन शोषते, खालचं बर्फ वितळतं आणि जमीन खचते. खचलेल्या जागी पाणी साठतं. पाणी आणखी ऊन शोषतं, त्यामुळे चाकोरी बुजायच्या ऐवजी खोल होत जाते.

हे आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याचं किनारी मैदान, सुमारे 15 लाख एकर. 1980 च्या कायद्याने अभयारण्य वाढवलं, पण या तुकड्यात तेल काढू द्यायचं का, हा निर्णय संसदेवर सोडला. तेव्हापासून वॉशिंग्टनमध्ये नुसता लपंडाव चालू आहे. 1995 मध्ये क्लिंटन यांनी तेलाला वाट देणारं विधेयक नाकारलं. 2017 मध्ये ट्रम्प यांच्या काळात चक्क करकपातीच्या कायद्यात तेल काढायला जमिनीचे पट्टे भाड्याने देणाऱ्या दोन लिलावांची सक्ती घातली गेली. जानेवारी 2021 च्या पहिल्या लिलावात जेमतेम 1.44 कोटी डॉलर जमले. बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्याच महामंडळाने घेतले, बड्या तेल कंपन्या फिरकल्याच नाहीत. बायडेन सरकारने 2023 मध्ये ते पट्टे रद्द केले. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. मार्चमध्ये कोर्टाने पट्टे रद्द करणं बेकायदा ठरवलं आणि ऑक्टोबरमध्ये ट्रम्प सरकारने सगळं मैदान पुन्हा खुलं केलं.

बोली आली नाही हा पर्यावरणाचा विजय, असं काहींना वाटलं. मला तसं वाटत नाही. पट्टा घेतल्यापासून तेल निघेपर्यंत दहा वर्षं सहज जातात, म्हणजे मध्ये दोन-तीन निवडणुका. शिवाय तेल किती, हेही धड ठाऊक नाही. 1998 चा सरकारी भूगर्भ-अंदाज 570 ते 1600 कोटी बॅरल, म्हणजे जवळपास तिपटीचा फरक! 1980 च्या दशकात काक्टोविक गावाजवळ एक चाचणी विहीर खोदली होती, पण तिचे निष्कर्ष कंपन्यांनी गुपित ठेवले.

काक्टोविकच्या इनुपियाट लोकांपैकी अनेकांना तेल हवं आहे. तेलाच्या पैशातून शाळा, दवाखाने चालतात. दक्षिणेकडच्या ग्विचिन लोकांना ते नको, कारण त्यांचं जगणं ‘पोर्क्युपाइन’ नावाच्या कॅरिबूंच्या, म्हणजे रानटी रेनडिअरच्या, कळपावर आहे. मे अखेरीस माद्या विण्यासाठी बहुतेक वर्षी याच मैदानाकडे येतात. इथे डास उशिरा येतात, लांडगे-अस्वलं कमी असतात आणि कोवळा चारा नेमका तेव्हाच फुटतो.

उत्तर अलास्कात टुंड्रावर गाडी घालायची तर 12 इंच गोठलेली जमीन आणि वर 6 इंच बर्फ हवं, असा जुना दंडक होता. 1970 च्या सुमारास असे 200 हून जास्त दिवस मिळायचे. तीस वर्षांत ते साधारण 100 वर आले.