पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे

विमानाचं बुकिंग केलं की सहा अक्षरांचा पीएनआर येतो आणि बहुतेक जण तेवढ्यावर निर्धास्त होतात. पण पीएनआर ही नुसती नोंद: प्रवासी कोण, विमानं कोणती, तारखा काय. तिकीट निघालं का, हे पाहायचं तर १३ आकडी तिकीट क्रमांक शोधा. त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. १७६ एमिरेट्सचे, २२० लुफ्तान्साचे. १ जून २००८ पासून 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या यंत्रणेतून कागदी तिकिटं हद्दपार केली. तेव्हापासून हा क्रमांक म्हणजेच तिकीट.

एजंटच्या स्क्रीनवर फ्लाइटच्या ओळीत 'एचके' दिसलं तर जागा कन्फर्म, 'एचएल' असेल तर वेटिंग लिस्ट. मात्र 'एचके' असूनही मुदतीत तिकीट निघालं नाही, तर कंपनी ती जागा खुशाल दुसऱ्याला देते.

आणखी एक घोळ. एजंट अमेडियस किंवा सेबरसारख्या यंत्रणेतून बुकिंग करतो, तिथे एक पीएनआर तयार होतो. विमान कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेत बऱ्याचदा दुसराच. एजंटने दिलेला कोड कंपनीच्या वेबसाइटवर टाकल्यावर 'बुकिंग सापडलं नाही' असं उत्तर आलं, तर घाबरण्याआधी एजंटकडून कंपनीचा कोड मागून घ्यावा. कोडशेअर असेल, म्हणजे फ्लाइट नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं, तर चेक-इन सहसा विमान उडवणाऱ्या कंपनीकडे होतं.

मग तिकिटावर एकटंच उभं असलेलं ते अक्षर, म्हणजे बुकिंग क्लास. 'वाय' म्हणजे साधारणपणे पूर्ण भाड्याचा इकॉनॉमी, 'जे' म्हणजे बिझनेस. इकॉनॉमीतच अशी दहा-बारा अक्षरं असू शकतात, आणि प्रत्येकाचं भाडं, परताव्याचे नियम वेगळे. शेजारच्या सीटवरच्या माणसाला फुकट तारीख बदलता येते आणि आपल्याला दंड पडतो, तो या एका अक्षरामुळे. तिकीट घेताना सगळ्यात दुर्लक्षित राहतं तेही हेच.

पीएनआर मात्र जपायला हवा. अनेक वेबसाइटवर तो आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं. हा पासवर्ड किती तकलादू आहे, हे जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिलं. बोर्डिंग पासचा फोटो टाकताना छापलेला कोड बोटाने झाकून भागत नाही. शेजारच्या बारकोडमध्येही तो असतोच.