पाणी ओढायला आधी पाणी लागतं

"भाऊ, पेटी सकायी चालते अन् दुपारी मरते," आप्पा फोनवर म्हणाले. "केयीले पानी कसं द्यावं?"

पेटी म्हणजे त्यांच्या केळीच्या बागेतला ठिबकचा कंट्रोलर. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, मोटर केव्हा सुरू करायची, खत किती सोडायचं, हे ठरवणारा, स्टार्टरशेजारी टांगलेला डबा. त्यातला प्रोग्राम सांभाळायचं काम माझ्याकडे. मे महिना, रावेर तालुका, पारा ४५ च्या पुढे आणि बाग निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली. अशा दिवसांत दोन पाळ्या चुकल्या तरी फटका घडाला बसतो.

मी पोचलो तेव्हा डब्याला लिंबू-मिरची बांधलेली होती. भरदुपारी बाराला बंद पडतं म्हणजे बाहेरची बाधा, असं शेजारच्या एका काकांनी सांगितलं होतं. मला त्यांचा राग आला नाही. रोज ठरल्या वेळी मरणारी आणि रात्री आपोआप उठणारी वस्तू समोर असली की माणूस कारण शोधतोच, आणि खरं कारण सांगायला आमच्यासारखे लोक तिथं नसतात. पण लिंबू बांधून झालं की डबा उघडायचा राहून जातो. आप्पांच्या बागेत त्यापायी तीन दिवस गेले होते.

कारण सापडलं ते बूटलोडर नावाच्या एका छोट्या प्रोग्रामात. मोबाईल, वॉशिंग मशीन, वीजमीटर, गाडीचं इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, अशा असंख्य वस्तूंमध्ये तो बसलेला असतो आणि बिघडेपर्यंत त्याचं नावही कुणाच्या कानावर येत नाही.

विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक मोटर बसवलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो लगेच कळेल. पाणबुडी मोटर आल्यापासून नव्या पोरांना हे ठाऊक नसतं, पण काठावरची मोटर बटण दाबलं म्हणून पाणी ओढत नाही. आधी पंपात आणि सक्शनच्या पाइपात वरून पाणी भरावं लागतं. आत हवा राहिली तर पंखा नुसता गरगरतो. पाणी ओढायला आधी पाणी लागतं! म्हणून पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. मोटर बंद झाल्यावर भरलेलं पाणी तो धरून ठेवतो. तो गळका निघाला की रोज सकाळी बादली घेऊन उभं राहा.

कॉम्प्युटरची अडचण हीच आहे. प्रोग्राम आणून बसवायला आधी एक प्रोग्राम चालू असावा लागतो. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या कॉम्प्युटरवर तो पहिला प्रोग्राम माणसं समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून हाताने भरत. बादलीने पाणी भरण्याचाच प्रकार तो. आज तेवढं पाणी चिपमध्ये कायमचं भरून ठेवलेलं असतं, त्यालाच बूटलोडर म्हणायचं. वीज आली की सगळ्यात आधी हा जागा होतो, मुख्य प्रोग्राम धड आहे का बघतो, नवा आला असेल तर जुन्याच्या जागी बसवतो आणि मग कारभार त्याच्या हाती देतो.

आमच्या डब्यातली चिप एसटीएम३२एफ१०३ जातीची. तिची फ्लॅश मेमरी ६४ केबी, म्हणजे १ केबीची ६४ पानं. पहिली ८ पानं बूटलोडरची, पुढची २६ चालू प्रोग्रामची, त्यापुढची २६ मोबाईल नेटवर्कवरून उतरवलेल्या नव्या प्रोग्रामची आणि उरलेली ४ नोंदींसाठी. वीज आली की प्रोसेसर फक्त दोन आकडे वाचतो. पहिल्या ४ बाइटमध्ये स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या नोंदींची जागा, कुठून सुरू करायचा ते, पुढच्या ४ मध्ये पहिली आज्ञा कुठे आहे ते. बूटलोडरही कारभार सोपवताना हेच करतो, पण त्याआधी स्वतः चालू केलेले टायमर आणि इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या हाका) बंद करतो आणि इंटरप्टचा तक्ता आता नव्या पत्त्यावर आहे, हे प्रोसेसरला कळवतो. यातलं एक राहिलं तर बूटलोडरचा इंटरप्ट मुख्य प्रोग्रामच्या अंगणात येऊन पडतो आणि डबा कधी चालतो, कधी नाही. आप्पांचा आजार मात्र याहून खोल होता, आणि तो समजायला फ्लॅश मेमरीचा स्वभाव माहीत हवा. मला या सगळ्या धंद्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

फ्लॅशच्या प्रत्येक सेलमध्ये चहूबाजूंनी इन्सुलेशनने बंद केलेला एक कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की तो बिट ० वाचला जातो, कप्पा रिकामा असला की १. लिहिणं म्हणजे १ चा ० करणं. उलटं, ० चा १ करणं, एकेका बिटापुरतं होत नाही. त्यासाठी पानच्या पान पुसावं लागतं, मग त्यावरचे सगळे बिट १ होतात.

एसटीच्या कंडक्टरकडे पूर्वी तिकिटांच्या रंगीत गड्ड्यांची पत्र्याची पेटी असायची आणि हातात चिमटा. तिकिटाला भोक पाडता येतं, पाडलेलं भोक बुजवता येत नाही. चुकीच्या जागी पडलं तर नवं तिकीट फाडायचं. फ्लॅशचं पान तसंच आहे, आणि या चिपमध्ये एक पान किमान १०,००० वेळा पुसता येईल एवढीच हमी असते.

एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. २६ पानं पुसायची आणि त्यांवर दोन-दोन बाइटचे १३,३१२ घास भरायचे, तर सगळं मिळून साधारण पावणेदोन सेकंद. तेवढ्यात लाइट गेली तर? शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि मधूनमधून झपकी मारणारी. आप्पांच्या डब्याला अपडेट आम्ही रात्री पाठवलं होतं आणि नेमक्या त्या पावणेदोन सेकंदांत लाइट झपकली.

हा धोका बूटलोडर लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. आमच्या जुन्या कोडमध्येही त्याचा उपाय होता. लाइट आल्यावर उतरवलेल्या प्रोग्रामची चालू प्रोग्रामच्या पानांवर नकल पहिल्यापासून करायची आणि शेवटी सीआरसी जुळवायचा. सीआरसी म्हणजे सगळ्या बाइटांवर ठरावीक भागाकार करून उरलेली बाकी. एक बिट जरी बदलला तरी बाकी बदलते. त्या रात्री नकल पुन्हा झाली, सीआरसी जुळला, प्रोग्राम सुरू झाला. मग दुपारी का मेला?

डबा मी जळगावला टेबलावर आणला. पंख्याखाली तो सकाळ-संध्याकाळ सुरळीत चालला. दुसऱ्या दिवशी घरातला हेअर ड्रायर आणून चिपवर गरम हवा सोडली आणि सगळी फ्लॅश पुन्हा पुन्हा वाचून प्रत्येक वाचन पहिल्याशी ताडून बघायला लावलं. बराच वेळ काही नाही. चिप साठ अंशांच्या आसपास गेली आणि स्क्रीनवर एक ओळ आली. एका बाइटमध्ये बी७ च्या जागी बी५. पुढच्या वाचनात परत बी७. मग बी५. एकच बिट, १ आणि ० च्या मधोमध हेलकावे खात होता. ड्रायर बंद केला, चिप निवली, बिट शांत झाला. सीआरसी जुळायला लागला.

ते पान पुसलं जात असतानाच लाइट गेली होती. काही कप्प्यांमधले इलेक्ट्रॉन बरेचसे निघाले होते, पुरते नाही. सेल वाचताना त्यातून जाणारा करंट एका ठरलेल्या पातळीशी ताडून बघतात. अर्धवट पुसलेला सेल त्या पातळीच्या अगदी काठावर असतो, आणि तापमान किंवा व्होल्टेज जरा हललं की निकाल बदलतो. लाइट परत आल्यावर बूटलोडरने ते पान वाचलं, सगळे १ दिसले. जुन्या कोडमध्ये कुणीतरी चांगल्या हेतूने एक अट घातली होती: पान कोरं असेल तर पुसू नका, दहा हजारांतलं एक पुसणं वाचेल. बूटलोडरने पान कोरं समजून त्यावर तसंच लिहिलं. रात्रीच्या गारव्यात बाकी जुळली. जुळल्याबरोबर पुढच्या डाऊनलोडसाठी जागा मोकळी म्हणून त्याने नेटवर्कवरून उतरवलेली राखीव नकलही पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली, तेव्हा उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात तो बिट ० वाचला गेला. सीआरसी चुकला. खराब प्रोग्रामला कारभार द्यायचा नाही हे आपलं काम बूटलोडरने चोख केलं आणि तो थांबून राहिला. ऊन उतरलं, लाइट पुन्हा आली, आणि पेटी जिवंत झाली.

पान कोरं दिसतंय म्हणजे पुसणं पुरं झालंय, असं नव्हे. हे शहाणपण नवं नाही. लिनक्सची जेएफएफएस२ ही फ्लॅशसाठीची फाइल सिस्टिम पान पुसून पूर्ण झाल्यावर त्यावर एक खूण लिहिते. खूण नसेल तर पान कितीही कोरं दिसो, ते पुन्हा पुसलं जातं. आम्हीही तेच केलं. कोरेपणाची अट काढून टाकली, नकल करण्याआधी पान पुसायचंच. राखीव नकल पुढचं डाऊनलोड सुरू होईपर्यंत हलवायची नाही. सीआरसी कधीही चुकला तरी तिथून पुन्हा भरता येतं.

टप्प्यांची नोंद मात्र तिकिटाच्या भोकांसारखी केली. "डाऊनलोड पूर्ण", "नकल सुरू", "नकल पूर्ण", "नवा प्रोग्राम नीट चालला", प्रत्येक टप्प्याला नोंदींच्या पानावर दोन बाइटची स्वतःची जागा. टप्पा झाला की तिथे शून्य लिहायचं. कोणतीही नोंद मागे फिरत नाही, खोडाखोड नाही. लाइट आल्यावर बूटलोडर भोकं मोजतो आणि गाडी कुठवर आली होती ते ओळखतो. मग भोक पाडतानाच लाइट गेली तर? माझ्या मते या कामातला सर्वांत देखणा विचार इथे आहे. अर्धवट भोक "आहे" वाचलं जावो की "नाही", दोन्ही उत्तरांनी पुढची वाट सुरक्षित राहील अशीच रचना करायची. "नाही" वाचलं गेलं तर तोच टप्पा पुन्हा होईल, आणि तोच टप्पा दोनदा केल्याने काही बिघडता कामा नये. "आहे" वाचलं गेलं तर पुढे जाण्याआधी तिथे आणखी एकदा शून्य लिहून भोक पक्कं करायचं. ही चिप लिहिलेल्या जागी पुन्हा दुसरं काही लिहू देत नाही, पण शून्य लिहू देते.

हे सगळं टेबलावर लिहिणं सोपं. बागांमध्ये लागलेल्या चाळीसेक डब्यांमध्ये जुनाच बूटलोडर होता. मुख्य प्रोग्राम दुरून बदलता येतो, कारण बूटलोडर मागे उभा असतो. बूटलोडरच्या मागे कुणी नाही. मुख्य प्रोग्रामकरवी त्याची आठ पानं पुसून नवी लिहिता येतात, अर्ध्या सेकंदाचं काम आहे, पण त्या अर्ध्या सेकंदात लाइट गेली तर डब्याची वीट होते. ती जोखीम दुसऱ्याच्या केळीवर घ्यायची नाही असं ठरवलं. लॅपटॉप आणि प्रोग्रामर (चिपमध्ये थेट प्रोग्राम भरायचं यंत्र) घेऊन सावदा, फैजपूर, रावेरच्या बागा फिरलो, प्रत्येक डबा उघडला, बूटलोडर बदलला आणि ती आठ पानं चिपमध्येच लिहिण्यापासून कुलूपबंद केली.

ज्यांना जाताच येत नाही त्यांची अवस्था बघा. जानेवारी २००४ मध्ये मंगळावरच्या स्पिरिट गाडीच्या फ्लॅशमधली फाइल सिस्टिम बिघडली आणि गाडीचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, अडखळायचा, पुन्हा सुरू व्हायचा. फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याची वाट आधीच ठेवलेली होती, म्हणून पृथ्वीवरून तशी आज्ञा देऊन ती वाचवता आली. याउलट २०१९ मध्ये आयफोन ४एस ते आयफोन १० या मॉडेलांच्या बूटरॉममध्ये सुरक्षेतलं भगदाड सापडलं. तो कोड चिप बनतानाच कोरलेला असतो, त्यामुळे विकल्या गेलेल्या फोनांमध्ये ते बुजवता येत नाही.

हल्ली ठिबकच्या जाहिरातींमध्ये "स्मार्ट", "एआय" हे शब्द पावलोपावली दिसतात. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: अपडेट चालू असताना लाइट गेली तर पेटीचं काय होतं? उत्तर देताना तो अडखळला, तर बाकीच्या शब्दांवर पैसे लावू नका.

आप्पांनी मला तो प्रश्न तोंडाने विचारला नाही. जून लागायच्या आत, दुपारी दोनला, उन्हातच मी त्यांच्या डब्यावर नवं अपडेट लावलं. हिरवा दिवा भराभर लुकलुकायला लागला. आप्पांनी सरळ मेन स्विच खाली ओढला. दहा आकडे मोजले, वर केला. दिवा पुन्हा लुकलुकला. त्यांनी पुन्हा ओढला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांचा हात स्विचवर होता आणि व्हॉल्व्ह उघडल्याचा खट्ट आवाज आला. आप्पांनी हात काढला आणि शेवटच्या ओळीतली नळी भरते का बघायला बागेत शिरले.