अक्षरं आधी, बोलणं मागून

कोल्हापूरला वाचनाचं वेड जुनं. १८५० साली इथे नेटिव्ह लायब्ररी निघाली, तीच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! तरीही डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मापासूनच बोलणं-शिकणं संथ ठेवणारी स्थिती, असलेल्या मुलाच्या हाती हौसेनं पुस्तक द्यावं, ही गोष्ट घरोघरी पोचायला त्यानंतर कित्येक दशकं गेली.

या मुलांचं पहिलं नीट वर्णन जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरनं १८६६ साली केलं. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते हे कारण समजलं ते १९५९ मध्ये. मधल्या काळात ही मुलं संस्थांत ठेवली जायची, बरीचशी लहानपणीच दगावायची. शिकवायचं कशाला, असा हिशेब होता. इंग्लंडमध्ये तर १९७०च्या कायद्यापर्यंत त्यांना ‘शिकवण्याजोगी नाहीत’ म्हणून शाळेबाहेर ठेवता येत होतं.

हा हिशेब आधी आईबापांनी मोडला. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्यानं डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी १९४४ मध्ये शाळा सुरू केली, तीच जय वकील शाळा. इंग्लंडात नायजेल हंट या तरुणाला आईनं घरीच वाचायला शिकवलं. त्यानं स्वतः टाइप केलेलं आत्मकथन १९६७ मध्ये छापून आलं. पुढे लेस्ली डफन या वडिलांनी आपल्या सारा या मुलीला तिसऱ्या वर्षापासून शब्दांच्या चिठ्ठ्या दाखवल्या. वाचलेले शब्द ती बोलू लागली, हे त्यांनी पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना कळवलं आणि १९८०च्या सुमारास तिथे या विषयाचा अभ्यास सुरू झाला.

माझ्या मते सगळ्या इतिहासात मोलाची गोष्ट हीच. तोवर सगळे म्हणत, ‘अजून धड बोलत नाही, वाचणार कुठलं?’ पण या मुलांपैकी अनेकांच्या मधल्या कानात पाणी साचतं, ऐकू कमी येतं. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं जड जातं, तोंडाचे स्नायू सैल असतात. पाहिलेलं मात्र चांगलं लक्षात राहतं. बोललेला शब्द कानावरून निघून जातो, लिहिलेला समोर थांबतो, हवा तितका वेळ. मराठीत तर शिरोरेघेनं सगळा शब्द एकसंध बांधलेला, म्हणून बाराखडी नंतर आणि अख्खा शब्द आधी, हे आपल्या लिपीला चांगलं मानवतं असं मला वाटतं.

माझ्या भाचीच्या बाबतीत एका बालवाडीत हेच ऐकावं लागलं, ‘आधी बोलू दे, मग पाटी.’ ताईनं ऐकलं नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तिनं लाल स्केचपेननं ठसठशीत लिहिलं: आई, आजी, दूध, भेळ. आधी दुधाच्या चिठ्ठीवर दुधाचीच दुसरी चिठ्ठी ठेवायची. मग ‘भेळ कुठाय गं?’ विचारलं की उचलायची. बोलून दाखवायचं सगळ्यात शेवटी. पोरगी दुधाला नुसतं ‘दू’ म्हणायची. ताई ‘ध’खाली बोट ठेवायची आणि थांबायची, घाई नाही. काही आठवड्यांनी त्या बोटाबरोबर ‘ध’ आला. तेव्हा ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

कायद्यानं वाट नंतर रुंद केली. १९९५चा अपंग व्यक्ती कायदा, २००९चा शिक्षण हक्क कायदा, मग २०१६चा दिव्यांग हक्क कायदा: किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. कोल्हापुरात शेंडा पार्कची चेतना शाळा आहेच. पण गोडी कायद्यानं लागत नाही, ती घरातल्या मांडीवर लागते.

भाचीचं पहिलं पुस्तक ताईनं शिवलं. आठ पानं, प्रत्येकावर एक फोटो आणि खाली एक ओळ. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार काढताना, रंकाळ्यावर भेळ खाताना, आजी पोळी लाटताना. आता रात्री आजीनं चष्मा लावला की भाची पुस्तक घेऊन येते, पान उघडते आणि आजीलाच वाचून दाखवते, “आजी पोळी लाटते.”